वाऱ्याच्या वाटेवरचा तंबू

१९११ सालच्या जुलै महिन्यात, अंटार्क्टिकावर हिवाळ्याचा अखंड काळोख पसरलेला असताना, तीन माणसे केप क्रोझिअर नावाच्या भूशिरावर मुक्कामाला होती. एडवर्ड विल्सन, हेन्री बॉवर्स आणि ॲप्सली चेरी-गॅरार्ड हे ते तिघे. एम्परर पेंग्विनची अंडी अभ्यासासाठी मिळवावीत म्हणून कॅप्टन स्कॉट यांच्या मोहिमेच्या तळावरून ते निघाले होते. दगड रचून आणि वर कॅनव्हासचे छप्पर ताणून त्यांनी एक निवारा उभारला होता. शेजारी त्यांचा बांबूच्या दांड्यांचा तंबू होता. वादळ आले आणि तंबू उडून गेला. पुढे निवाऱ्याच्या छपराच्याही चिंध्या झाल्या. तिघे जण झोपण्याच्या पिशव्यांत, अंगावर साचणाऱ्या बर्फाखाली, वारा पडण्याची वाट पाहत पडून राहिले. त्या थंडीत तंबूवाचून तळापर्यंत परतणे अशक्य आहे, हे प्रत्येकाला ठाऊक होते आणि कोणीही ते बोलून दाखवत नव्हते.

वारा ओसरल्यावर ते शोधाला निघाले. उताराच्या पायथ्याशी, सुमारे अर्ध्या मैलावर, बॉवर्स यांना तंबू सापडला. वर उचलला जाताना त्याचे दांडे मिटले होते आणि कापड त्यांत गुंतून राहिले होते, म्हणूनच तो फाटला नव्हता. परतीच्या वाटेवर झोपण्यापूर्वी बॉवर्स तंबूच्या दोरीचे एक टोक स्वतःला बांधून घेत. पुन्हा तंबू उडाला तर आपणही त्याच्याबरोबर जावे, असा त्यांचा रोखठोक हिशेब होता. हे बॉवर्स रॉयल इंडियन मरीनचे, म्हणजे आपल्या नौदलाच्या पूर्वावताराचे, अधिकारी होते. चेरी-गॅरार्ड यांनी १९२२ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात हा सारा वृत्तान्त आला आहे.

रजा प्रवास सवलतीवर लेह किंवा मनालीला जाणाऱ्या आणि तेथून चार दिवस पाठीवर सॅक घेऊन पायी हिंडू पाहणाऱ्या मंडळींवर असा प्रसंग सहसा ओढवत नाही. तथापि झाडाझुडपांवाचून पसरलेल्या चार-साडेचार हजार मीटर उंचीवरच्या माळावर, रात्री दोन वाजता तंबूचा दांडा मोडला तर करायचे काय, हा प्रश्न केप क्रोझिअरवरच्या प्रश्नाचाच धाकटा भाऊ होय. तंबू स्वतःच्या पाठीवरून न्यायचा असल्याने तो हलका हवा. मुक्काम वाऱ्याच्या जागी असल्याने तो भक्कम हवा. दुकानात या दोन अपेक्षा एकमेकींच्या विरुद्ध उभ्या राहतात आणि बहुतेक ग्राहक वजनाच्या आकड्यावर नजर ठेवून निर्णय घेऊन टाकतात. वजन महत्त्वाचे आहेच, परंतु वाऱ्यात टिकायचे असेल तर एकूण ग्रॅम किती यापेक्षा ते ग्रॅम तंबूच्या कोणत्या भागात खर्ची पडले आहेत, हे पाहणे अधिक आवश्यक ठरते.

वाऱ्याचे गणित

वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब दुप्पट होत नाही, चौपट होतो. दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, हा साधा नियम तंबूच्या निवडीचे मूळ आहे. समुद्रसपाटीवर ताशी ३६ किलोमीटर वेगाचा वारा आपल्यासमोर आडव्या येणाऱ्या प्रत्येक चौरस मीटर पृष्ठभागावर साधारण ६ किलो वजनाइतका भार टाकतो. वेग ताशी ७२ किलोमीटर झाला की हाच भार सुमारे २५ किलो होतो. दोन मीटर लांब आणि एक मीटर उंच अशी तंबूची बाजू वाऱ्यासमोर सरळ उभी आहे असे धरले, तर पहिल्या वाऱ्यात तिच्यावर १२ किलोंचा आणि दुसऱ्या वाऱ्यात ५० किलोंचा रेटा येतो. जणू एखादा प्रौढ माणूस कापडाला पाठ लावून रेलून बसला आहे; तोही स्वस्थ नव्हे, दर काही क्षणांनी उठून पुन्हा आदळणारा.

उंचावर हवा विरळ असते, एवढा एक दिलासा आहे. ४,८०० मीटर उंचीवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांच्या आसपास भरते, म्हणून त्याच वेगाच्या वाऱ्याचा जोरही तेवढाच कमी. परंतु वेग पाव-तीस टक्क्यांनी वाढला की ही सवलत संपते, आणि मोकळ्या खिंडीच्या तोंडाशी वेग तेवढा वाढायला फारसा वेळ लागत नाही.

वाऱ्याचा अंदाज यंत्रावाचूनही बांधता येतो. फ्रान्सिस ब्यूफोर्ट या ब्रिटिश नौदल अधिकाऱ्याने १८०५ साली आखलेली मोजपट्टी आजही उपयोगी पडते. छत्री सावरणे कठीण जाऊ लागले की वारा ताशी ४० ते ५० किलोमीटरच्या घरात आहे असे समजावे. वाऱ्याविरुद्ध चालताना शरीर पुढे झुकवावे लागले की तो पन्नाशीच्या वर गेलेला असतो. झाडांच्या डहाळ्या मोडू लागल्या की साठीही ओलांडलेली असते. बाजारातील सर्वसाधारण हलके तंबू पहिल्या अवस्थेपर्यंत सुखाने उभे राहतात, दुसरीत कुरकुरतात, आणि तिसरीत त्यांचे भवितव्य ते कसे उभारले आहेत यावर अवलंबून असते.

आकार

मराठी भाषेत छावणीचा शब्दसंग्रह संपन्न आहे. डेरा, राहुटी, पाल, कनात, मेख, तणावा हे शब्द लष्कराच्या मुक्कामांतून घराघरांत आले. त्यांतील मेख ठोकण्याची खुंटी आणि तणावा म्हणजे तंबू ताणून धरणारी दोरी. या दोहोंकडे पुढे यायचे आहेच. तूर्त आकारांचा विचार करू.

आज सर्वांत जास्त खपतो तो घुमटाकार तंबू. दोन लवचीक दांडे एकमेकांना माथ्यावर छेदतात आणि त्यांवर कापड ताणले जाते. मेखा न ठोकताही तो उभा राहतो, म्हणून दुकानात त्याचे प्रात्यक्षिक फार मोहक दिसते. मेखांची गरजच नाही, असा समज येथूनच पसरतो. वस्तुतः मेखांवाचून उभा असलेला घुमट म्हणजे दोरी सोडलेला पतंग. दोनच दांडे असल्याने त्याच्या चार बाजूंना कापडाचे मोठे पट्टे आधारावाचून राहतात. वारा ते आत दाबतो, दांडे वाकतात आणि माथा झोपलेल्या माणसाच्या नाकाशी येतो. तिसरा आखूड दांडा असलेले, किंवा दांडे एकाहून अधिक ठिकाणी एकमेकांना छेदतील असे रचलेले घुमट पुष्कळ भक्कम असतात आणि वजनात वाढ तीन-चारशे ग्रॅमांचीच होते.

याच कल्पनेचा पूर्ण विस्तार म्हणजे जिओडेसिक तंबू. बकमिन्स्टर फुलर या अमेरिकी रचनाकाराने लोकप्रिय केलेल्या त्रिकोणांच्या घुमटावरून प्रेरणा घेऊन नॉर्थ फेस या अमेरिकी उत्पादकाने १९७५ साली तसा तंबू बाजारात आणला. चार किंवा अधिक दांडे अनेक ठिकाणी परस्परांना छेदतात, सारे कापड लहान लहान त्रिकोणांत विभागले जाते आणि वारा कोणत्याही दिशेने आला तरी भार सगळ्या दांड्यांत वाटला जातो. हिमालयातील मोहिमांच्या तळांवर दिसणारे पिवळे-नारिंगी तंबू बहुधा या जातीचे असतात. मात्र दोघांसाठीच्या अशा तंबूचे वजन साडेतीन-चार किलोंपर्यंत जाते. खेचर सोबत असेल तर उत्तम; स्वतःच्या पाठीवर न्यायचा असेल तर पहिल्याच चढावर तो जड वाटू लागतो.

बोगद्याच्या आकाराचा तंबू आपल्याकडे कमी दिसतो. दोन किंवा तीन कमानी ओळीने उभ्या करून त्यांवर कापड ओढलेले असते. वजनाच्या मानाने आतली जागा भरपूर मिळते. ध्रुवीय प्रदेशांतील पदयात्री याच आकाराला पसंती देतात, कारण तेथे वारा बहुधा एकाच दिशेने वाहतो आणि तंबूचे निमुळते टोक त्या दिशेला करून ठेवले की काम भागते. डोंगरात मात्र वारा दिशा बदलतो. दिवसा उन्हाने तापलेली हवा खोऱ्यातून वर चढते; सूर्य मावळल्यावर थंड, जड झालेली हवा उतारावरून खाली वाहू लागते. संध्याकाळी वाऱ्याकडे टोक करून शहाणपणाने उभारलेला बोगदा मध्यरात्री वाऱ्याला कूस दाखवत असतो आणि त्याची कूस हाच त्याचा दुबळा भाग. हा तंबू निवडायचाच असेल तर दोन्ही बाजूंना तणावे बांधण्याची सोय भरपूर आहे की नाही, हे आधी पाहावे.

राहिला सुळक्यासारखा, एकाच उभ्या आधारावरचा तंबू. केप क्रोझिअरचा तंबूही याच घराण्यातला, मात्र त्याला अनेक दांडे होते. आजच्या हलक्या रूपात हे काम चालताना हातात असणाऱ्या काठ्या करतात आणि वेगळे दांडे न्यावेच लागत नाहीत. युक्ती नवी वाटते, पण आहे जुनी. १८९५ साली नंगा पर्वतावर दोन गुरखा साथीदारांसह नाहीसा झालेला इंग्रज गिर्यारोहक ममरी याने बर्फावरच्या कुऱ्हाडींचेच खांब करून उभा राहणारा हलका तंबू वापरात आणला होता. त्याच्या आधी, १८६० च्या दशकात, एडवर्ड व्हिंपर आल्प्समध्ये वापरत असलेल्या तंबूचे वजन २३ पौंड, म्हणजे साडेदहा किलोंच्या आसपास होते, हे लक्षात घेतले म्हणजे ममरीच्या युक्तीचे मोल कळते. आजचा सुळका एक किलोच्या आत बसतो, त्याच्या उतरत्या बाजूंवरून वारा निसटून जातो आणि दांडा मोडण्याची भीती कमी असते. परंतु तो सर्वस्वी मेखांवर उभा असतो. एक मेख निघाली की सारा डोलारा ढिला पडतो. अनुभवी हातांत तो उत्तम साधन ठरतो; पहिल्याच प्रवासाला निघालेल्याने त्याच्या वाटेला जाऊ नये.

उंचीविषयी एवढेच सांगणे पुरे की, तंबूत उभे राहण्याची हौस वाऱ्याच्या जागी परवडत नाही. बसल्यावर डोके टेकणार नाही एवढी उंची पुरेशी आहे. हवेत फेकल्यावर आपोआप उघडणारे तंबू सहलीला चांगले, डोंगरधारेवर नव्हेत.

कापड आणि दांडे

तंबूच्या चिठ्ठीवर कापडापुढे २०डी, ४०डी असे काही छापलेले असते. हा डेनिअर होय. नऊ हजार मीटर धाग्याचे ग्रॅममधील वजन म्हणजे डेनिअर. २० डेनिअरच्या नऊ किलोमीटर धाग्याचे वजन अवघे २० ग्रॅम. अतिहलक्या तंबूंचे कापड १० ते १५ डेनिअरचे असते, भक्कम तंबूंचे ३० पासून ७० पर्यंत. मात्र जाड तेवढे मजबूत, असे सरसकट म्हणता येत नाही. कापडावरचा लेप तेवढाच महत्त्वाचा आहे. सिलिकॉनचा लेप धाग्यांना किंचित सरकू देतो. कापड फाटू लागले की शेजारचे धागे एकत्र येऊन भार वाटून घेतात. पॉलियुरेथेनचा लेप धाग्यांना जागच्या जागी जखडून टाकतो, त्यामुळे ते एकेकटे तुटत जातात. म्हणून दोन्ही बाजूंनी सिलिकॉन लावलेले पातळ नायलॉन हे पॉलियुरेथेन लावलेल्या जाड कापडाला भारी पडू शकते. सिलिकॉनवर शिवणीची पट्टी चिकटत नाही, एवढे लक्षात ठेवून शिवणी बंद केलेल्या आहेत की त्या स्वतः लेप लावून बंद करायच्या आहेत, हे विक्रेत्याला विचारून घ्यावे.

नायलॉनचा एक अवगुण असा की ते ओले झाले की सैलावते. संध्याकाळी तबल्यासारखा ताणलेला तंबू रात्रीच्या पावसात लोंबू लागतो आणि लोंबणारे कापड फडफडते. वाऱ्याच्या एका फटक्याने तंबू क्वचितच मोडतो. तासन्‌तास चाललेल्या फडफडीने शिवणी उसवतात, दोऱ्या झिजतात, मेखा हळूहळू सैल होतात. पॉलिएस्टर फारसे सैलावत नाही आणि उंचावरच्या तीव्र उन्हातही अधिक काळ टिकते. फाटण्याला विरोध करण्यात मात्र ते नायलॉनच्या मागे आहे. डायनिमाच्या धाग्यांचे पारदर्शक पापुद्र्यासारखे कापड पाणी शोषत नाही, ताणले जात नाही आणि विलक्षण हलके असते. परंतु ते खरखरीत दगडावर घासले की भोके पडतात, आणि किंमत ऐकून पुष्कळांचा उत्साह मावळतो.

पाण्याच्या दाबाचे आकडे, १,५०० किंवा ३,००० मिलिमीटर असे, जाहिरातीत ठळक छापतात. कापडातून गळती सुरू होण्यापूर्वी त्यावर पाण्याचा किती उंच स्तंभ उभा राहू शकतो, ते हे माप. वाऱ्यात थेंब जोराने आदळत असल्याने चांगला आकडा हवा, हे खरे. परंतु १,५०० आणि ५,००० यांतील फरकासाठी वजन वाढवण्यापेक्षा तेच ग्रॅम दांड्यांवर खर्च करणे शहाणपणाचे.

दांड्यांच्या बाबतीत तडजोड नको. स्वस्त तंबूंत काचतंतूंचे दांडे असतात. ते जड असतात आणि मोडताना उभे चिरतात. त्या चिरेच्या टोकांनी कापडही फाटते. चांगल्या मिश्रधातूचा ॲल्युमिनियमचा दांडा आधी वाकतो, म्हणजे निदान इशारा तरी देतो. त्याचा व्यास पाहावा. पत्र्याची जाडी तीच ठेवून व्यास साडेआठ मिलिमीटरवरून दहा केला तर ताठरपणा दीडपटीहून अधिक वाढतो आणि वजनातली भर शंभर-दीडशे ग्रॅमांच्या आसपास राहते. बोटभर लांबीची धातूची नळी बहुतेक तंबूंबरोबर सुटी मिळते. नव्या ग्राहकाला तिचा उपयोग कळत नाही आणि ती घरीच राहते. मोडलेल्या दांड्यावर चढवण्याची ती पट्टी आहे. तिच्यावाचून निघू नये.

मेखा आणि तणावे

तंबूच्या पिशवीत मिळणाऱ्या मेखा पुष्कळदा तारेसारख्या बारीक असतात. वजनाचा आकडा कमी दाखवण्याचा हा सोपा मार्ग. बागेतल्या हिरवळीत त्या बसतात, डोंगरात वाकतात. इंग्रजी वाय किंवा व्ही अक्षरासारखा छेद असलेल्या, १५ ते १८ सेंटिमीटर लांबीच्या ॲल्युमिनियमच्या मेखा वेगळ्या विकत घ्याव्यात. एकीचे वजन दहा ते पंधरा ग्रॅम. मातीवर टेकणारा पृष्ठभाग मोठा असल्याने पकड कितीतरी अधिक. मेख ठोकताना तिचे डोके तंबूपासून दूर झुकलेले असावे आणि ती पूर्ण जमिनीत जावी.

तणाव्यांकडे तर सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. तंबूच्या अंगावर मध्यावर शिवलेली लहान लहान कडी शोभेसाठी नसतात. त्यांना दोऱ्या बांधून दूरवर ताणल्या की दांड्याला त्याच्या मध्यावर आधार मिळतो आणि वाकण्याची त्याची शक्यता फार कमी होते. कडी ज्या ठिकाणी शिवलेली असतात, त्याच्या आतल्या बाजूस दांड्याला गुंडाळायची पट्टी आहे की नाही, हे खरेदीच्या वेळी तपासावे. ती नसेल तर दोरीचा सारा ताण केवळ कापडावर येतो. दोरी लांब ठेवावी म्हणजे तिचा जमिनीशी कोन लहान राहतो. आखूड, उभी दोरी मेखेला वर उपसते. दोन-तीन मिलिमीटर जाडीच्या, प्रत्येकी तीन मीटरच्या सहा जादा दोऱ्या आणि सहा चांगल्या मेखा यांचे एकूण वजन दीडशे ग्रॅमांच्या आसपास भरते. एक किलो जड तंबू विकत घेऊनही जेवढा भक्कमपणा मिळणार नाही, तेवढा पुष्कळदा एवढ्यावर मिळतो.

लडाखमधल्या खडकाळ जमिनीत मेख शिरतच नाही अशी वेळ येते. तेथे दोरीच्या टोकाला मुठीएवढा दगड बांधून तो जमिनीवर ठेवावा आणि त्याच्या पुढे, तंबूच्या बाजूला, दोरीवर मोठा धोंडा ठेवून द्यावा. लहान दगड मोठ्याच्या आड अडकतो आणि ताण वाढला तरी हलत नाही. धारदार दगडाला पातळ दोरी थेट गुंडाळू नये. रात्रभराच्या घर्षणाने ती कापली जाते.

एक उदाहरण

लेहच्या दक्षिणेकडील मारखा खोऱ्याची पायवाट महाराष्ट्रातील पदयात्रींनाही परिचित आहे. वाटेवरच्या स्किऊ, मारखा, हांकर या गावांत घरगुती मुक्कामाची सोय होते. त्या रात्रींसाठी तंबूची गरज नाही, हे आधीच सांगितलेले बरे. प्रश्न येतो तो निमालिंगचा. सुमारे ४,८०० मीटर उंचीवरचा हा विस्तीर्ण माळ कांग यात्से शिखराच्या छायेत आहे. झाड औषधालाही नाही. दुपारनंतर वारा सुटतो, सूर्यास्तानंतर त्याची दिशा पालटते आणि पहाटे पाणी गोठते. दुसऱ्या दिवशी ५,२०० मीटरहून उंच अशी कोंगमारू ला ही खिंड ओलांडायची असते. रात्र जागून काढलेल्या माणसाला ती ओलांडणे जड जाते. हंगामात येथे तयार तंबूही भाड्याने मिळतात, परंतु स्वतःचा नेणाऱ्यांनी कोणता न्यावा?

दोघांसाठी, दोन आवरणांचा, तीन दांड्यांचा आणि दांडे अनेक ठिकाणी छेदणारा, सव्वादोन ते अडीच किलोंचा घुमट येथे योग्य ठरतो. एकाने कापड आणि दुसऱ्याने दांडे व मेखा वाहिल्या की माथी सव्वा किलो येतो. बाहेरचे आवरण जमिनीला जवळजवळ टेकणारे असावे. खाली वीतभर फट असली की वारा आत शिरून तंबूला उचलू पाहतो. आतला तंबू निव्वळ जाळीचा नको. लडाख आणि स्पितीची बारीक धूळ जाळीतून सहज आत येते आणि सकाळी माणसे पीठ चाळून आल्यासारखी दिसतात. खालची निम्मी बाजू कापडाची आणि वर थोडी जाळी, अशी रचना चांगली. हवा खेळती राहण्यासाठी माथ्याजवळचा झरोका थंडीतही उघडा ठेवावा, नाहीतर श्वासातील बाष्प कापडावर जमून पहाटे अंगावर ठिबकते. वारा फार म्हणून तंबूत स्टोव्ह पेटवण्याचा मोह होतो. तो कोणत्याही परिस्थितीत टाळावा. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपलेला माणूस पुन्हा उठत नाही.

मुक्कामाची जागाही तंबूइतकीच निवडावी लागते. गुराख्यांनी सांदी न भरता रचलेले कमरेएवढे दगडी आडोसे अशा माळांवर दिसतात. अशी भिंत थोडा वारा गाळून पलीकडे जाऊ देते, म्हणून तिच्यामागे हवा शांत राहते; सलग भिंतीवरून किंवा एकाच मोठ्या शिळेवरून उसळलेला वारा मागे भोवरे करतो आणि तंबूला चारी बाजूंनी हलवतो.

सह्याद्रीत हा खेळ निराळ्या रीतीने पाहायला मिळतो. पावसाळ्यात नाणेघाटात दरीकडे झेपावणारे पाणी वारा उलटे वर उडवतो, ते पाहायला गर्दी होते. कोकणातून येणारा वारा उभ्या कड्याला थडकून वर चढतो, तेव्हा कड्याच्या अगदी ओठावर काही वेळा चमत्कारिक शांतता असते आणि थोडे मागे भोवऱ्यांचा धिंगाणा. त्या फसव्या शांततेवर विसंबून कड्याच्या धारेवर तंबू लावणारे रात्री वाऱ्याचा रोख बदलला की संकटात सापडतात. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यासारख्या जागी सूर्यास्त धारेवरून पाहावा आणि झोपायला मागे, कारवीच्या किंवा झाडांच्या आडोशाला यावे. गड आणि अभयारण्ये यांतील मुक्कामाचे नियम वेळोवेळी बदलतात. निघण्यापूर्वी वनविभागाकडे चौकशी करणे इष्ट.

खरेदीपूर्वी आणि खरेदीनंतर

तंबूच्या जाहिरातीत दोन वजने असतात. कमीत कमी वजन म्हणजे केवळ कापड आणि दांडे. मेखा, दोऱ्या, पिशव्या धरून होणारे वजन निराळे आणि कधीकधी तीन-चारशे ग्रॅमांनी अधिक. ठळक आकड्याखालची बारीक अक्षरे वाचण्याची सवय बँकेच्या ग्राहकांना असतेच. ती येथेही कामी येते. घरच्या वजनकाट्यावर सर्व सामान एकदा ठेवून पाहिले की शंका उरत नाही. वर्षाकाठी एकच प्रवास होणार असेल तर चांगला तंबू भाड्याने घेणे स्वस्त पडते. गिर्यारोहण संस्थांकडून तसेच लेह, मनाली येथील दुकानांतून ते मिळतात. ताब्यात घेताना दांड्यांचे जोड, चेन आणि मेखांची संख्या दुकानदारासमोरच मोजून घ्यावी.

घेतलेला तंबू आधी मोकळ्या मैदानात, भर वाऱ्याच्या दुपारी उभारून पाहावा. वाऱ्याकडच्या बाजूच्या मेखा प्रथम ठोकायच्या, मग दांडे घालायचे, आणि या साऱ्या वेळात एका हाताने कापड सोडायचे नाही, हा क्रम हातात बसला पाहिजे. बाहेरचे आवरण आधी उभे राहणारा तंबू पावसात सोयीचा, कारण आतला भाग कोरडा राहतो. दोघांनी एकमेकांशी न बोलता दहा मिनिटांत तंबू उभारता येईपर्यंत सराव करावा. खऱ्या वाऱ्यात बोललेले ऐकू येत नाही. वारा आवाक्याबाहेर जाऊ लागला तर दांडे काढून घेऊन तंबू आडवा पाडावा आणि कापडाखाली, झोपण्याच्या पिशव्यांत, सामान अंगावर ओढून पडून राहावे. रात्र कष्टाची जाते, पण सकाळी तंबू पुन्हा उभारता येतो. तो मोडला असता तर ते जमले नसते.

घरी परतल्यावर तंबू सावलीत दोन दिवस वाळवावा. मुंबई, कोकण, गोवा येथील दमट हवेत पॉलियुरेथेनचा लेप हळूहळू विघटित होतो. कापड चिकट होते, आंबूस वास येऊ लागतो आणि लेपाचे पापुद्रे सुटतात. पुष्कळ तंबू डोंगरात नव्हे, तर माळ्यावरच्या ट्रंकेत असे संपतात. म्हणून त्याच्या घट्ट पिशवीत न कोंबता, जुन्या सुती उशीच्या अभ्र्यात सैल भरून, भिंतीला न टेकणाऱ्या कपाटात ठेवावा आणि पावसाळ्यात एखाद्या उघडिपीच्या दिवशी बाहेर काढून त्याला वारा द्यावा.